पेरणीआधी वारा ओळखा

आखाजी आली म्हणजे खानदेशात घरोघरी लेकी माहेरी येतात. लिंबाच्या झाडाला झोके बांधतात. पाण्याच्या नव्या घागरी भरतात. सालदाराचे जुने साल संपते, नवे ठरते. शेतकऱ्याने रान नांगरून उन्हात तापत टाकलेले असते. तो बी-बियाण्याचा हिशेब मांडतो. खताचा हिशेब मांडतो. आणि मग आभाळाकडे पाहू लागतो.

अशाच एका वर्षाची गोष्ट. आखाजी होऊन महिना उलटला होता. एका दुपारी काळे ढग आले. धुळीचा लोट उठला. कडाड् करून वीज चमकली आणि पाऊस कोसळला. "पानी उना रे भो!" म्हणत पोरे अंगणात नाचली. नाल्याला पाणी आले. रानाला वाफसा येताच एका शेतकऱ्याने तिफण जुंपली. ज्वारी पेरली, कपाशी टोबली. शेजारी म्हणाला, "भाऊ, थोडं थांब." पण हा म्हणाला, "थांबून काय करू? ओल निघून जाईल ना!"

चार दिवसांनी कोंब वर आले. मग ऊन पडले. आठ दिवस ऊन, पंधरा दिवस ऊन. कोवळे कोंब करपून गेले. बियाण्याचे पैसे मातीत गेले. दुबार पेरणीसाठी त्याने सावकाराकडे हात पसरला. पुढे पीक बरे आले, पण ते सारे कर्जात गेले.

अशी गोष्ट आपल्या गावातही घडलेली तुम्ही पाहिली असेल. त्या शेतकऱ्याने आळस केला नव्हता. पाऊसही खरा पडला होता. चूक एवढीच झाली की, तो वळवाचा पाऊस होता. पेरणीचा पाऊस वेगळा असतो. वळवाचा पाऊस जमिनीच्या तापण्यातून येतो. पेरणीचा पाऊस दूरच्या समुद्रावरून येतो. या दोहोंतला फरक कसा ओळखायचा, ते आता पाहू. त्यासाठी आधी समुद्राची गोष्ट समजून घेतली पाहिजे.

तवा आणि हंडा

चुलीवर तवा ठेवा. क्षणात तापतो. हात लावला तर चटका बसतो. त्याच चुलीवर पाण्याने भरलेला हंडा ठेवा. पाणी तापायला पुष्कळ वेळ लागतो. आता दोन्ही खाली उतरवा. तवा लवकर निवतो. हंड्यातले पाणी मात्र बराच वेळ गरम राहते.

जमीन ही तव्यासारखी आहे. समुद्र हा हंड्यासारखा आहे. सूर्य दोघांनाही सारखाच तापवतो. पण जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. पाण्याला तापायला उष्णताच जास्त लागते. शिवाय समुद्राचे पाणी हलत असते, म्हणून उष्णता खोलवर पसरते. काही उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

आता दुसरी गोष्ट. होळी पेटली म्हणजे ठिणग्या आणि राख वर जातात. का? तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. तिची जागा घ्यायला बाजूची हवा आत ओढली जाते. मोकळ्या जागी वारा वाहतो तोही असाच. जिथे हवा तापून वर जाते, तिकडे बाजूची थंड हवा धाव घेते.

या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्यातूनच उलगडेल.

समुद्रकाठचा चैत्र

खानदेशातली पुष्कळ माणसे सुरतेला कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी ती डुमसला समुद्र पाहायला जातात. त्यांना विचारा. ती सांगतील, "दुपार झाली की समुद्राकडून गार वारा सुटतो."

दुपारी किनाऱ्याची जमीन तव्यासारखी तापते. तिच्यावरची हवा वर चढते. समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. यालाच खारे वारे म्हणतात. रात्री उलटे होते. जमीन निवते, समुद्र मात्र कोमट राहतो. मग पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. याला मतलई वारे म्हणतात. पूर्वी कोळी लोक शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर समुद्रात नेत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत आणत. तेव्हा होडीला इंजिन नव्हते. वारा ओळखणे हाच त्यांचा धंदा होता.

या वाऱ्यामुळे किनाऱ्यावर ऊन फार चढत नाही. मे महिन्यात मुंबईला, रत्नागिरीला दुपारचा पारा बहुधा ३३-३४ अंशांवर थांबतो. हवेत ओल असल्याने घाम मात्र फार येतो. आपल्या जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४२-४३ अंश हे नेहमीचेच. कधी पारा ४५ च्याही वर जातो.

खानदेश इतका का तापतो?

तापी नदी आपल्याला आणि समुद्राला जोडते. ती मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते. ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. पण नदीचे पाणी समुद्राकडे जाते म्हणून समुद्राचा गार वारा आपल्याकडे येतो असे नाही. खारा वारा किनाऱ्यापासून काही कोसच आत येतो. धुळे समुद्रापासून दोनशे किलोमीटरवर. जळगाव त्याहूनही पुढे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मधली जमीन सखल, काळी आणि उन्हाळ्यात उघडी. पश्चिमेचा वारा येतो खरा, पण तापलेल्या कोरड्या जमिनीवरून येतो. आपल्यापर्यंत येईतो तो भट्टीतल्या झोतासारखा होतो.

त्यात सूर्यही डोक्यावर येतो. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास अंगणात एक काठी सरळ उभी करा. तिची सावली दिसणार नाही. सूर्य अगदी माथ्यावर असतो. याच दिवसांत रोहिणी नक्षत्र लागते.

या दिवसांत माणसाने जिवाला जपावे. दुपारी बारा ते चार रानात काम करू नये. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताक, कैरीचे पन्हे घ्यावे. डोक्याला उपरणे बांधावे. कोणी चक्कर येऊन पडला, अंग तापले, बरळू लागला, तर त्याला सावलीत न्यावे. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. उन्हाचा झटका जीव घेतो.

केळीलाही हा वारा सोसत नाही. पाने फाटतात, करपतात. रावेर-यावलकडचे बागाईतदार म्हणून बागेच्या कडेने शेवरी किंवा उंच गवत लावतात. वारा त्याला अडतो.

वळवाचा पाऊस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतक्या उन्हात मधेच पाऊस कसा पडतो?

जमीन तापली की हवा जोराने वर चढते. हवेत थोडी ओल असेल तर ती उंच जाऊन निवते आणि तिचे ढग बनतात. असा ढग डोंगरासारखा वर वर वाढत जातो. कधी दहा-बारा किलोमीटर उंच होतो. त्यात विजा तयार होतात. मग तो फुटल्यासारखा कोसळतो. खाली येणारी गार हवा जमिनीवर पसरते. तोच तो पावसाआधीचा धुळीचा सोसाटा. याच सोसाट्याने केळीच्या उभ्या बागा आडव्या होतात.

कधी गारा पडतात. ढगातला थेंब वर उचलला जातो आणि गोठतो. खाली येतो, पुन्हा वर उचलला जातो, त्यावर बर्फाचा आणखी थर चढतो. शेवटी तो जड होऊन खाली पडतो. मोठी गार फोडून पाहा. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

होळीच्या सुमारास गारपीट होते तिच्यामागे एक दूरचा समुद्रही असतो. युरोप आणि आफ्रिका यांच्या मध्ये भूमध्य समुद्र आहे. तिकडे हिवाळ्यात आणि वसंतात पाऊस पडतो. तिकडून उठलेले थंड वारे इराण-अफगाणिस्तानावरून उत्तर हिंदुस्थानात येतात. काश्मीरला बर्फ आणतात, पंजाबात गव्हाला पाऊस देतात. कधी त्यांचा पदर महाराष्ट्रापर्यंत पोचतो. वर थंड हवा, खाली तापलेली जमीन, आणि आपल्या समुद्रांवरून आलेली ओल. असे तिन्ही जुळले की गारपीट होते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चात अशीच मोठी गारपीट झाली. राज्यातल्या बहुतेक भागांत हाताशी आलेला गहू, हरभरा, द्राक्षे, केळी झोडपून निघाली.

वळवाच्या पावसात विजेपासून सांभाळावे. गडगडाट ऐकू आला की वीज आपल्यापर्यंत पोचू शकते असे समजावे. झाडाखाली थांबू नये. बैल, म्हैस झाडाला बांधू नये. तारेचे कुंपण, विजेची मोटर, पाणी यांपासून दूर व्हावे. पक्क्या घरात जावे. रानात आडोसा नसेल तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. कोणावर वीज पडली तर त्याला हात लावायला भिऊ नये. त्याच्या अंगात वीज राहत नाही. लगेच मदत केली तर माणूस वाचू शकतो.

हा पाऊस वाईट असतो असे नाही. रान भिजते, ढेकळे विरघळतात, गुराढोरांना पाणी होते. पण तो आला तसा जातो. त्याच्या मागे दुसरा पाऊस उभा नसतो.

समुद्र जागा होतो

आता समुद्राकडे पुन्हा पाहू. माघ-फाल्गुनात अरबी समुद्र शांत असतो. कोळ्यांचा हा सुगीचा काळ. पुढे हंड्यातले पाणी हळूहळू तापत जाते. एप्रिल-मे मध्ये समुद्राचे वरचे पाणी २८ ते ३० अंशांपर्यंत चढते. त्याची वाफ हवेत जाते. वैशाख सरता सरता मोठ्या लाटा येऊ लागतात.

अशा तापलेल्या समुद्रावर कधी चक्रीवादळ उठते. ३ जून २०२० ला निसर्ग नावाचे वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. घरांवरची छपरे उडाली. आदल्या-मागल्या वर्षांतही समुद्राने असे तडाखे दिले आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातेत गेले. मुंबईजवळ समुद्रात काम करणाऱ्या अनेक माणसांचा त्यात जीव गेला.

म्हणून जून लागला की कोळी होड्या किनाऱ्यावर ओढतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनी मासे धरायला सरकारी बंदीच आहे. माशांची पैदासही याच दिवसांत होते. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नवा हंगाम सुरू करायचा. आपण तिफण जुंपतो तेव्हा कोळी होडी सोडवून ठेवतो. दोघेही एकाच वाऱ्याची वाट पाहतात. एक भीतीने, एक आशेने.

मोसमी वारे

तो वारा कोणता? दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचीच ही मोठी आवृत्ती समजा. खारा वारा एका दिवसाचा, मोसमी वारा एका हंगामाचा. उन्हाळाभर सारा हिंदुस्थान तव्यासारखा तापतो. दक्षिणेकडचा हिंदी महासागर त्या मानाने गार असतो. मग विषुववृत्ताच्या पलीकडून वारे निघतात. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून वळतात. शेकडो कोस अरबी समुद्रावरून येताना पोटभर वाफ घेतात आणि नैऋत्येकडून आपल्या देशात शिरतात.

सर्वसाधारणपणे १ जूनला हा पाऊस केरळात येतो. ११ जूनच्या सुमारास मुंबईला पोचतो. त्यानंतर काही दिवसांनी आपल्याकडे. सह्याद्रीवर चढताना हे वारे आपले बरेचसे पाणी कोकणात ओततात. कोकणात वर्षाला २०० ते ३०० सेंटिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ५० ते ७५ सेंटिमीटर. आपल्याला दुसरा हातही मदत करतो. बंगालच्या उपसागरातून उठलेला पाऊस मध्य प्रदेशावरून पश्चिमेकडे सरकतो, तो सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्याला मिळतो.

नुसत्या तारखेवर जाऊ नका

मृग नक्षत्र दरवर्षी ७-८ जूनला लागते. नक्षत्रे सूर्यावरून धरलेली आहेत, म्हणून त्यांची तारीख फार हलत नाही. पण पाऊस तारीख पाळत नाही.

२०२३ साली पाऊस केरळातच ८ जूनला आला. ११ जूनला रत्नागिरीकडे पोचला आणि तिथेच अडला. त्या वेळी अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचे मोठे वादळ होते. त्याने वाऱ्यांची घडी विस्कटली. वादळ १५ जूनला गुजरातेत कच्छच्या किनाऱ्यावर गेले. मुंबईला पाऊस २५ जूनला लागला. मृगाच्या भरवशावर कोरडवाहू रानात बी टाकले असते तर ते मातीतच राहिले असते.

२०२५ साली उलटे झाले. पाऊस २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. म्हणजे दोन आठवडे आधी. मे महिन्यात राज्यभर पाणी झाले. लोकांना वाटले, आता पेरावे. पण त्यानंतर मोसमी वारे जागच्या जागी थबकले. जूनच्या मध्याला ते पुढे सरकले. त्या वर्षी कृषी खाते सांगत होते, पेरणीची घाई करू नका.

एक साल उशिराचे, एक साल लवकरचे. दोन्ही वेळा कॅलेंडर उपयोगी पडले नाही. वारा पाहणेच उपयोगी पडले.

मग ओळखावे कसे?

वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. आधी फार उकडते. ढग उंच, काळे, डोंगरासारखे असतात. वारा कधी इकडून, कधी तिकडून. विजा फार. एका गावाला पडतो, शेजारचे गाव कोरडे. दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळे आणि ऊन तसेच.

मोसमी पाऊस येतो तेव्हा वारा रात्रंदिवस एकाच बाजूने, पश्चिम-नैऋत्येकडून वाहतो. ढग करडे, खाली आलेले, साऱ्या आभाळभर असतात. दिवसाचा उकाडा तर कमी होतोच, रात्रही गार होते. पाऊस एका गावाला नाही, साऱ्या तालुक्याला मिळतो. त्याआधी कोकणात पाऊस लागल्याची बातमी आलेली असते.

ही झाली डोळ्यांची परीक्षा. आता मोजून पाहायचे. कृषी खात्याचा सल्ला असा की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. मिलिमीटर कसे मोजणार? त्याला यंत्र लागत नाही. सरळ भिंतींचा एक डबा घ्या. तोंड आणि बूड सारखेच रुंद असावे. घरापासून, झाडापासून दूर मोकळ्या जागी तो दगडांत पक्का बसवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा, लिहून ठेवा आणि डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर. पट्टी नसली तर हाताची चार बोटे आडवी धरा. तेवढे पाणी म्हणजे सुमारे ७० ते ७५ मिलिमीटर. रोजची बेरीज चार बोटांच्या पुढे गेली का, ते पाहा.

मग रानात जा. कुदळीने खणा. वीतभर खोल ओल गेली आहे का? मूठभर माती दाबली तर गोळा होतो का? होत असेल तर रान तयार आहे. तरीही वारा पाहायला विसरू नका. डबा नुसत्या वळवाच्या पावसानेही भरू शकतो. तेव्हा ओल हवी आणि मोसमी वाराही हवा. दोन्ही असतील तर तिफण जुंपा. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ठिबक आहे, त्याची गोष्ट निराळी. तो कपाशी आधी लावू शकतो. कोरडवाहूवाल्याने त्याची बरोबरी करू नये.

हवामान खात्याचा अंदाज आकाशवाणीवर, टीव्हीवर, मोबाइलवर मिळतो. त्यात रंग सांगतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' नावाचे ॲप पुण्याच्या संस्थेने केले आहे. आता तुम्हाला वाचता येते. हे इशारे स्वतः वाचा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला सांगा.

तापीचे पाणी सुरतेला समुद्रात जाते. समुद्र त्याची वाफ करतो आणि मोसमी वाऱ्याबरोबर ढग धाडतो. आपण समुद्र पाहिला नसेल, पण आपल्या रानातले पाणी तिथूनच येते. ते निघाल्याची खूण वारा देतो. ती खूण पटेपर्यंत बियाण्याची पिशवी घरात राहू द्या. आठ दिवस थांबल्याने होणारे नुकसान भरून निघते. दुबार पेरणीचे कर्ज वर्षभर फिटत नाही.

विचार करा आणि बोला

१. तवा आणि हंडा यांपैकी जमीन कशासारखी आहे? समुद्र कशासारखा आहे?
२. वळवाचा पाऊस आणि मोसमी पाऊस यांच्या तीन-तीन खुणा सांगा.
३. मागच्या वर्षी तुमच्या गावात पेरणी केव्हा झाली? दुबार पेरणी कोणाला करावी लागली? का?
४. पाऊस मोजण्याचा डबा आज तयार करा. तो कोठे ठेवाल?